कपाळावरचा नाग आणि वाटेवरचा नाग: प्राचीन इजिप्तच्या धर्मातील साप

१३ एप्रिल २०२९ रोजी सुमारे साडेतीनशे मीटर रुंदीचा एक लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून अवघ्या ३२,००० किलोमीटरवरून निघून जाणार आहे. दूरचित्रवाणीचे कार्यक्रम पोहोचवणारे भूस्थिर उपग्रह ज्या उंचीवर फिरतात, त्याहूनही हे अंतर कमी आहे. २००४ साली तो सापडला तेव्हाच्या आकडेमोडीत टक्कर होण्याची थोडी शक्यता दिसली होती आणि ती पुढे पूर्णपणे फेटाळली गेली. नाव मात्र धाक दाखवणारेच राहिले: अपोफिस. रोज रात्री सूर्याला गिळायला टपलेल्या, प्राचीन इजिप्तच्या पुराणकथांमधील अजस्र सापाचे हे नाव आहे.

त्याच देशातला दुसरा साप अलीकडे बातम्यांमध्ये होता. १ नोव्हेंबर २०२५ रोजी गिझाच्या पिरॅमिडांजवळील भव्य संग्रहालयाचे औपचारिक उद्घाटन झाले आणि तुतनखामुन या तरुण राजाच्या थडग्यातील पाच हजारांहून अधिक वस्तू प्रथमच एका ठिकाणी मांडल्या गेल्या. त्यांतला सर्वांत प्रसिद्ध सोन्याचा मुखवटा पाहिला की कपाळाच्या मध्यभागी फणा उभारलेला नाग लगेच नजरेत भरतो. एकीकडे विश्वाचा शत्रू साप आणि दुसरीकडे राजाच्या मस्तकावर सन्मानाने बसवलेलाही सापच, हे पाहून वाचकाचा गोंधळ उडतो. या लोकांनी सापाला देव मानले की दैत्य, असा प्रश्न मग साहजिकच पडतो.

माझ्या मते हा प्रश्नच थोडा चुकीच्या जागी उभा आहे. इजिप्तच्या धर्मात साप चांगला की वाईट हे त्याच्या जातीवरून ठरत नाही. तो कुठे आहे आणि त्याचे तोंड कोणाकडे आहे, यावरून ते ठरते. चुलीतली आग आणि छपराला लागलेली आग यांत आग म्हणून काहीच फरक नसतो, तसाच काहीसा हा प्रकार आहे.

नाईलच्या काठावर सापांची दाटी

प्राचीन इजिप्त म्हणजे नदीच्या दोन्ही बाजूंना असलेली हिरवी चिंचोळी पट्टी आणि तिच्या पलीकडे लगेच सुरू होणारे वाळवंट. दर उन्हाळ्याच्या अखेरीस नाईलला पूर येत असे आणि शेते पाण्याखाली जात. माणसे, गुरे आणि साप या सर्वांना उरलेल्या त्याच उंचवट्यांवर आसरा घ्यावा लागे. पूर ओसरल्यावर गहू आणि बार्ली पिकत असे, कोठारे भरत, कोठारांत उंदीर येत आणि उंदरांच्या मागून साप येत. तेथे नाग होता, वाळूत अंग पुरून बसणारा, डोळ्यांवर शिंगांसारखे खवले असलेला विषारी साप होता आणि कोकणात ज्याची धास्ती असते त्या फुरशाचा जवळचा भाऊबंदही होता.

त्यामुळे साप त्यांच्या लिपीतही शिरला. चित्रलिपीत ‘फ’ या ध्वनीसाठी शिंगवाल्या सापाचे चित्र काढत, आणि देवीचे नाव लिहून झाले की हे नाव देवीचे आहे हे कळावे म्हणून शेवटी पुष्कळदा फणा काढलेल्या नागाची आकृती जोडत. देवी म्हटली की डोळ्यांपुढे नाग यावा इतके हे नाते पक्के होते. तरीही त्याच लोकांच्या काही थडग्यांतील मजकुरात सापाचे अक्षर मुद्दाम डोके तोडून काढलेले आढळते, कारण भिंतीवरचे चित्र जिवंत होऊन मृताला डसेल अशी भीती त्यांना वाटत असे. इसवी सनापूर्वी सुमारे २३५० मधील उनास राजाच्या पिरॅमिडात कोरलेल्या, जगातील सर्वांत जुन्या धार्मिक लेखनात गणल्या जाणाऱ्या मंत्रांमध्ये सापांना हाकलण्याचे मंत्र बरेच आहेत. मेलेल्या राजालाही सापापासून जपावे लागत होते.

कपाळावरचा नाग

राजाच्या कपाळावरील नागाला अभ्यासक ‘युरेयस’ म्हणतात. हा ग्रीक वळणाचा शब्द असून मूळ इजिप्शियन शब्दाचा अर्थ ‘उभी राहणारी’ असा होतो. ‘राहणारी’, ‘राहणारा’ नव्हे, कारण हा नाग स्त्रीलिंगी आहे. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातील बुटो या गावची देवी वाजेत ही त्यामागची मुख्य देवता होय. तुतनखामुनच्या मुखवट्यावर नागाशेजारी गिधाडाचे मस्तकही आहे. ती दक्षिणेकडील नेखबेत देवी होय. उत्तरेची नागीण आणि दक्षिणेचे गिधाड एकाच कपाळावर आले म्हणजे दोन्ही प्रदेशांचा स्वामी एकच, हे अक्षर न वाचताही कोणालाही समजे. पुढे आजच्या सुदानमधील कुश प्रदेशातून आलेल्या राजांनी इजिप्तवर राज्य केले, तेव्हा त्यांनी कपाळावर एकाऐवजी दोन नाग बसवले.

हा नाग तेथे कसा पोहोचला याची एक कथा आहे. सूर्यदेवाने आपली हरवलेली मुले शोधण्यासाठी स्वतःचा डोळा पाठवला, कारण त्यांच्या कल्पनेत देवाचा डोळा ही स्वतंत्रपणे हिंडणारी देवीच होती. ती मुलांना घेऊन परत आली तेव्हा तिच्या जागी दुसराच डोळा बसलेला तिला दिसला आणि ती संतापली. तिची समजूत काढण्यासाठी देवाने तिला नागाच्या रूपात आपल्या कपाळावर, म्हणजे दोन्ही डोळ्यांच्याही वर, स्थान दिले. मान दुखावलेल्या घरच्या माणसाला मोठे पद देऊन शांत करण्याची ही रीत आपल्याला अनोळखी नाही. या कथेतला राग वाया जात नाही. तो बाहेरच्या शत्रूकडे वळवला जातो, आणि कपाळावरची नागीण राजाच्या वैऱ्यांवर आग थुंकते असे ग्रंथ सांगतात. इजिप्तच्या दक्षिणेकडे विषाची चूळ समोरच्याच्या डोळ्यांत उडवणारा नाग खरोखर आढळतो. ते विष डोळ्यांत गेले की होणारी आग ज्याने अनुभवली असेल, त्याला ही कल्पना अतिशयोक्तीची वाटली नसेल.

कोठारातली आणि डोंगरावरची

राजाच्या मुकुटावरून खाली उतरून शेतकऱ्याच्या घराकडे आले की तेथे रेनेनुतेत भेटते. ती सुगीची आणि कोठाराची नागदेवता होती. धान्याचा देव असलेल्या आपल्या बाळाला, नेप्रीला, अंगावर पाजताना ती चित्रांत दिसते. फायूम भागात मेदिनेत मादी येथे तिच्यासाठी इसवी सनापूर्वी अठराव्या शतकाच्या आसपास पूर्ण झालेले देऊळ आजही उभे आहे. कापणीच्या वेळी शेतातून सरपटत जाणारा नाग पाहून जीव घाबरा होतो, पण उंदरांचा काळ तोच असतो. ही दोन्ही वाक्ये एकाच वेळी खरी असतात, आणि रेनेनुतेत ही त्या दुहेरी सत्याला मिळालेली मूर्ती आहे.

त्याहूनही मला जवळची वाटते ती मेरेतसेगेर. तिच्या नावाचा अर्थ ‘जिला शांतता प्रिय आहे ती’ असा आहे. राजांच्या दरीवर पिरॅमिडासारखे टोक असलेला जो डोंगर दिसतो, तोच तिचे रूप मानला जाई. त्या दरीत थडगी कोरणाऱ्या कारागिरांची वस्ती जवळच, आज देर अल-मदिना म्हणतात तेथे होती, आणि उन्हाने तापलेल्या त्या दगडांत साप-विंचवांशी त्यांची रोजची गाठ होती. नेफेराबू नावाच्या एका कारागिराने कोरून घेतलेली शिळा आज इटलीतील तुरीन येथे आहे. आपण अजाणतेपणी या शिखरदेवतेचा अपराध केला, तिने आपल्याला शिक्षा दिली, श्वास घेणेही अवघड झाले, आणि विनवणी केल्यावर तीच गार वाऱ्यासारखी आपल्याकडे वळली, असे तो तेथे सांगतो. राजाच्या लेखांत असा कबुलीजबाब सहसा सापडत नाही.

घराघरांतही सोपा उपाय होता. मातीचे चार लहान नाग करून खोलीच्या चार कोपऱ्यांत ठेवावेत, म्हणजे रात्री भुतेखेते आणि वाईट स्वप्ने आत येत नाहीत, अशी समजूत होती. या नागांच्या तोंडात आग असते असे त्यासोबतच्या मंत्रात म्हटले आहे. राजाच्या कपाळावर जे सोन्याचे, तेच गरिबाच्या कोपऱ्यात मातीचे.

वाटेवरचा नाग

आता ज्याच्या नावाचा लघुग्रह येतो आहे त्याच्याकडे वळू. इजिप्शियन भाषेत त्याचे नाव आपेप असे होते आणि अपोफिस हे त्याचे ग्रीक रूप आहे. त्याला समजण्यासाठी ‘मआत’ हा एकच शब्द लक्षात ठेवावा लागतो. वेळेवर येणारा पूर, रोज उगवणारा सूर्य, खरे वजन दाखवणारा तराजू आणि न्यायाने वागणारा राजा, या सर्वांत जो एक समान नियम दिसतो त्याला ते मआत म्हणत. आपेप म्हणजे त्या नियमाचा संपूर्ण अभाव.

सूर्यदेव रा दिवसा आकाशातून आणि रात्री पाताळातून नावेने प्रवास करतो, अशी त्यांची कल्पना होती. रात्रीच्या बारा तासांचे तपशीलवार वर्णन राजांच्या थडग्यांच्या भिंतींवर आहे. तिसऱ्या थुतमोसच्या थडग्यात तर भिंतीवर जुन्या पोथीचा कागद उलगडून लावावा तशी ही चित्रे रंगवली आहेत. सातव्या तासाला आपेप आडवा येतो. तो नदीचे पाणीच पिऊन टाकतो, त्यामुळे नाव वाळूत रुतावी अशी स्थिती होते. नाईलवर नाव चालवणाऱ्या समाजाला उन्हाळ्यातील उथळ पाण्याची आणि वाळूच्या दांड्याची भीती किती खरी वाटत असेल, याची कल्पना करता येईल. आयसिस देवी आपल्या मंत्रसामर्थ्याने नाव पुढे नेते, आणि आपेपला दोर व सुऱ्यांनी जखडले जाते. इतर ठिकाणी नावेच्या नाळेवर उभा राहून सेत हा देव भाल्याने त्याला भोसकतो. तोच सेत, ज्याने स्वतःच्या भावाचा खून केला. भांडखोर माणूस गावाच्या वेशीवर उभा केला तर कामाला येतो, असा काहीसा हिशेब त्यामागे दिसतो.

आपेपचे लेखी उल्लेख सर्वांत जुन्या पिरॅमिडांतील मंत्रांत नाहीत. ते इसवी सनापूर्वी सुमारे २१०० पासून, म्हणजे मध्यवर्ती राजसत्ता विस्कटून प्रांताप्रांतांत सुभेदार स्वतंत्र झाले त्या काळापासून मिळू लागतात. हा योगायोग असेलही, पण व्यवस्था कोसळल्याचा अनुभव घेतलेल्या पिढ्यांना अव्यवस्थेला चेहरा द्यावासा वाटला असेल, हे मला पटते.

प्रचंड साप म्हणजे आपेपच असे मात्र नाही. इसवी सनापूर्वी दोन हजारच्या आगेमागे रचलेल्या एका कथेत जहाज फुटून बेटावर वाहून आलेल्या खलाशाला तीस हात लांबीचा, सोन्याने मढवलेल्या अंगाचा आणि दोन हातांहून लांब दाढी असलेला साप भेटतो. तो त्याला खात नाही, उलट धीर देतो आणि आपले दुःख सांगतो. त्याच्या कुटुंबात पंचाहत्तर साप होते, आकाशातून एक तारा पडला आणि ते सर्व जळून गेले. आकाशातून जाणाऱ्या दगडाला आज आपण सापाचे नाव दिले आहे. या कथेतल्या सापाला त्याबद्दल काय वाटले असते कोणास ठाऊक.

रोज हरणारा शत्रू मरत का नाही?

ही शंका हमखास येते. देव रोज जिंकत असेल तर आपेपचा एकदाच निकाल का लावत नाही? शेती करणाऱ्याला याचे उत्तर देण्याची गरज पडू नये. शेतातली हरळी आणि कुंदा एकदा खुरपून संपत नाहीत, आणि कोणी ती कायमची संपवण्याची अपेक्षाही धरत नाही. खुरपणी हा शेतीचाच भाग असतो. इजिप्शियन दृष्टीने जग हे एकदा निर्माण होऊन पूर्ण झालेले काम नव्हते, ते रोज नव्याने राखावे लागे, आणि ज्या अव्यवस्थेतून ते वर आले ती त्याच्या कडेला कायमच होती.

म्हणून माणसांनीही हात लावायचा असे. आपेपला देऊळ नव्हते आणि त्याची पूजाही नव्हती. होते ते त्याच्याविरुद्धचे विधी. ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या, इसवी सनापूर्वी चौथ्या शतकाच्या अखेरच्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदाच्या गुंडाळीवर, त्यांची सविस्तर कृती आहे. मेणाची आपेपची आकृती करावी, तिच्यावर थुंकावे, डाव्या पायाने तुडवावे, भाल्याने भोसकावे, सुरीने कापावे आणि आगीत टाकावे, आणि हे ठरल्या वेळी पुन्हा पुन्हा करावे. थेबिस शहराच्या देवळातला पुजारी हे करी, तेव्हा तो सूर्याच्या नावेतला एक हात होत असे.

सापाच्या पोटातून सकाळ

विचाराची खरी कमाल पुढे आहे. ज्या सातव्या तासात आपेप वाट अडवतो, त्याच तासात मेहेन नावाचा दुसरा साप सूर्यदेवाभोवती वेटोळे घालून त्याला कुंपणासारखा जपतो. एक साप आडवा आहे आणि एक गोल. मेहेनच्या नावाचा एक खेळही फार प्राचीन काळी प्रचलित होता. त्याचा दगडी पट म्हणजे चौकोनांत विभागलेला गुंडाळलेला साप असे.

आणि बाराव्या तासाला तर सूर्याची नाव एका महाकाय सापाच्या शेपटीकडून आत शिरते व तोंडातून बाहेर पडते. आत जातात ते म्हातारे आणि बाहेर येतात ते कोवळे, असे तेथे म्हटले आहे. कात टाकून चकचकीत होणारा साप ज्यांनी पाहिला, त्यांनी पहाट म्हणजे जगाने टाकलेली कात असे मानले, तर त्यात तर्क आहे. स्वतःची शेपटी तोंडात धरलेल्या सापाचे जगातील सर्वांत जुने ज्ञात चित्र तुतनखामुनच्या शवपेटीभोवतीच्या एका सोनेरी मखरावरच आहे. ‘मृतांचे पुस्तक’ या मंत्रसंग्रहात आद्य देव आतुम म्हणतो की लाखो वर्षांनी मी निर्माण केलेले सारे पुन्हा आदिजलात विरून जाईल, तेव्हा मी आणि मृतांचा देव ओसायरिस तेवढे उरू, आणि आम्ही कोणाही माणसाला ठाऊक नसलेल्या सापांचे रूप घेऊ. तेथे आडवे येणारे कोणी नाही आणि राखण्यासारखेही काही नाही. उरतो तो साप.

हे सगळे मंत्रतंत्रच होते का?

साप चावल्यावर हे लोक नुसते मंत्र म्हणत बसत, हा आक्षेप अर्धाच खरा आहे. आयसिसची एक प्रसिद्ध कथा घ्या. वृद्ध रा देवाच्या तोंडातून गळलेली लाळ तिने मातीत मळली, तिचा साप केला आणि देवाच्या रोजच्या वाटेवर ठेवला. साप डसला. देवाचा जबडा थरथरू लागला, अंग कापू लागले. उपचार करीन, पण तुझे गुप्त नाव सांग, अशी अट आयसिसने घातली. सकाळी मी खेपरी, दुपारी रा, संध्याकाळी आतुम, असे म्हणून त्याने टाळाटाळ केली, पण विष उतरेना. अखेर त्याने खरे नाव तिला दिले, आणि ते वाचकाला काही कळत नाही. ही कथा ज्या पपायरसवर आहे तो मात्र कथासंग्रह नाही. ते विषावरच्या उपचाराचे टिपण आहे आणि शेवटी मंत्र कसा लिहून विरघळवून रोग्याला पाजावा याची सूचना आहे. देव वाचला तसा हा रोगीही वाचेल, असा धीर त्यातून दिला जाई.

दुसरीकडे, न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन म्युझियममध्ये सुमारे अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक पपायरस आहे. त्यात मुळात तीन डझनांहून अधिक प्रकारच्या सापांची माहिती होती आणि तिचा सुरुवातीचा भाग हरवला आहे. सापाचा रंग व आकार, दंशाची खूण, सूज, रोगी वाचण्याची शक्यता आणि हा साप कोणत्या देवाचा, असे सारे त्यात एकामागून एक येते, आणि मग औषधे येतात, ज्यांत कांद्याला मोठे स्थान आहे. यातील एका भयंकर सापाला आपेपचे नाव दिले असून त्याला चार दात असल्याचे म्हटले आहे. हे काम करणाऱ्यांना सेरकेत या विंचूदेवीच्या नावाची पदवी होती. कांद्याने विष उतरत नाही हे आज आपण जाणतो आणि सर्पदंशावर रुग्णालयातील प्रतिविष हाच उपाय आहे. पण आधी नीट पाहा, वर्गवारी करा आणि कोण वाचेल याचा अंदाज बांधा, ही शिस्त वैद्यकाचीच आहे.

आपल्या नागपंचमीशी याचा संबंध आहे का?

मराठी वाचकाच्या मनात हा प्रश्न येतोच, म्हणून स्पष्ट सांगतो: एक परंपरा दुसरीतून निघाली असे दाखवणारा पुरावा नाही. फण्यावर दहाचा आकडा असलेला आपला नाग आणि इजिप्तचा बिनआकड्याचा नाग या जीवशास्त्रातही वेगवेगळ्या जाती आहेत. नागपंचमीला शेत न नांगरण्याची रीत आणि रेनेनुतेतला सुगीचा पहिला वाटा देण्याची रीत यांत साम्य दिसते ते धान्य, उंदीर आणि नाग हे त्रिकूट दोन्हीकडे असल्यामुळे. सारखी अडचण असली की सारखे देव सुचतात, त्यासाठी कोणी समुद्र ओलांडून शिकवायला यावे लागत नाही.

रेनेनुतेतच्या नावाचा महिना मात्र आजही इजिप्तमध्ये जिवंत आहे. तेथील ख्रिस्ती कॉप्ट समाजाच्या पंचांगात त्याला बारामुदा म्हणतात. हा शब्द तिच्या नावावरूनच झिजत आला आहे. सध्या तो ९ एप्रिलला सुरू होतो आणि ८ मेला संपतो. म्हणजे १३ एप्रिल २०२९ रोजी वाटेवरच्या नागाचे नाव घेतलेला दगड आकाशातून जाईल, तेव्हा इजिप्तमध्ये कोठारातल्या नागिणीच्या महिन्याचा पाचवा दिवस असेल.